गाडीचा रंग बदलताना: जुना रंग पूर्ण उतरवायचा की घासून ठेवायचा?

पांढरी गाडी निळी करायची असेल आणि कंपनीचा रंग धड असेल, तर तो पत्र्यापर्यंत उतरवू नका. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा प्राइमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात. तो दारांच्या पोकळीत आणि जोडांच्या फटींतही पोचतो, म्हणून पत्रा इतकी वर्षं टिकतो. घरी तो थर पुन्हा देता येत नाही. उघडा पत्रा पावसाळ्यात, त्यातही कोकणात, बघता बघता गंज धरतो; त्यावर लगेच एपॉक्सी प्राइमर मारावाच लागतो. पेंट रिमूव्हर फटीत राहिला तर नवा रंगही फुगतो.

घासून ठेवण्यात कष्ट कमी, पण क्रम चुकला तर सगळं वाया. आधी धुणं, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर आणि त्यानंतरच घासायचा पेपर (आकडा जितका मोठा तितका तो बारीक). उलट केलंत तर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत बसतं आणि नव्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. प्राइमर येणार तिथे ३२० चा पेपर, थेट रंग येणार तिथे ६०० ते ८०० चा वॉटर पेपर. पुट्टी मात्र कोरडीच घासा, ती पाणी शोषते.

रंग उतरवावाच लागतो तो क्लिअर कोटचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) पापुद्रे निघत असतील किंवा खाली गंजाचे फुगे असतील तेव्हा. गाडी आधी रंगवलेली असल्याची शंका असेल, तर आडजागी थिनरचं फडकं घासून पाहा. फडक्याला रंग लागला किंवा थर मऊ पडला, तर त्यावर नवा रंग सुरकुतेल. अशा वेळीही तेवढाच भाग उतरवा.

दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीच्या कडा यांतून दोन्ही पर्यायांत सुटका नाही. दार उघडल्यावर जुना रंग दिसला तर सगळ्या मेहनतीचा विचका होतो. हँडल, दिवे, बीडिंग टेप लावून झाकण्यापेक्षा काढूनच ठेवा.

पेपर हातात घेण्याआधी आरटीओत जाऊन या. आरसीवर रंग नोंदलेला असतो, त्यामुळे बदलाची नोंद लागते. विमा कंपनीलाही कळवा, कर्ज असेल तर बँकेलाही. ऑलिव्ह ग्रीन निवडूच नका, तो रंग नियमाने संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

फवारणी मात्र घरी नको. टू-के रंगात (हार्डनर मिसळून वापरायच्या रंगात) त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन साध्या मास्कने अडत नाही आणि त्यातून दमा जडू शकतो. घासलेली गाडी बूथवाल्याकडे (रंग फवारायची बंद खोली असलेल्या गॅरेजमध्ये) न्या आणि तयारी घरी झाली आहे हे सांगूनच मजुरी ठरवा.