‘द व्हेजिटेरियन’ आणि ‘अ लिटल लाइफ’: अर्ध्यावर अडकलात तर कोणतं संपवावं?

सगळे डोक्यावर घेतात आणि आपल्याला मात्र पुढचं पान उलटवत नाही, अशा कादंबऱ्यांत ही दोन नावं हटकून येतात. दक्षिण कोरियाच्या हान कांगच्या ‘द व्हेजिटेरियन’ला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि २०२४ मध्ये लेखिकेला नोबेल. हान्या यानागिहाराची ‘अ लिटल लाइफ’ २०१५ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होती. दोन्हींत अंगावर येणारं बरंच आहे, पण अडकलेल्या वाचकाला दोन्हींसाठी एकच सल्ला देता येणार नाही. उरलेल्या पानांत त्रासाचं काय होतं, तो रूप बदलतो की तोच पुन्हा येतो, यावर निर्णय ठरतो. (पुढे कथानकाचा काही भाग उघड होतो. शेवट सांगितलेला नाही.)

आधी वेळेचा हिशेब. ‘द व्हेजिटेरियन’ जेमतेम पावणेदोनशे-दोनशे पानांची आहे, तीन भाग, तीन बैठका. ‘अ लिटल लाइफ’ सातशेच्या पुढे जाते. रोज ३० पानं वाचली तरी २४ दिवस त्या माणसांबरोबर झोपायचं आणि उठायचं. वाईट प्रसंग एक संध्याकाळ सोसणं आणि तीन-साडेतीन आठवडे सोबत बाळगणं यांत फरक पडतो, म्हणून हा हिशेब परीक्षणांतल्या कौतुकाआधी करावा.

‘द व्हेजिटेरियन’मध्ये बहुतेकांची गाडी पहिल्या भागाच्या शेवटी अडते. नायिका यंग-हे मांस सोडते, घरच्या जेवणात बाप तिच्या तोंडात जबरदस्तीने मांस कोंबतो आणि तिथे रक्त सांडतं. त्याच सुमाराला लहानपणी तिला चावलेल्या कुत्र्याची आठवण येते. मोटरसायकलला बांधून, दम तुटेपर्यंत पळवून मारलेला कुत्रा. प्राणीप्रेमी वाचक इथेच पुस्तक मिटतात. मराठी वाचकाची आणखी एक अडचण असते. आपल्याकडे कुणी माळ घातली आणि मटण सोडलं, तर घरात कौतुकच होतं. त्यामुळे बापाचा संताप निव्वळ वेडसर वाटतो आणि पुस्तक हातातून निसटतं. इथे प्रश्न आहाराचा नाहीच. नवऱ्याच्या साहेबाबरोबरच्या जेवणात आणि बापासमोर एका बाईने ‘मी खात नाही’ म्हणणं, हा कोरियातल्या त्या घरात उघड अवमान आहे. हे ध्यानात ठेवून ती जेवणाची दहा-बारा पानं पुन्हा वाचली, तर राग योग्य ठिकाणी जातो.

पुढे जाण्याचं खरं कारण कथनाच्या रचनेत आहे. पहिला भाग नवरा सांगतो, त्याच्या कोरड्या, स्वतःवर खूश असलेल्या आवाजात. बायकोवर केलेली बळजबरीही तो किरकोळ तक्रारीसारखी सांगतो. वाचकाला होणारा त्रास निम्मा त्या आवाजाचा असतो, आणि तो आवाज भाग संपताच कायमचा जातो. दुसरा भाग मेहुण्याच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या नजरेतून आहे. तो व्हिडिओ कलावंत आहे, यंग-हेच्या अंगावर फुलं रंगवतो आणि पुढे जे होतं त्यात तिच्या संमतीला कितपत अर्थ आहे, हा प्रश्न टोचत राहतो. तिसरा भाग थोरली बहीण इन-हे हिचा. तोही हिंसेतून सुटत नाही: मनोरुग्णालय, अन्न नाकारणं, नळीने भरवणं. पण आता बघणारी व्यक्ती पहिल्यांदाच यंग-हेची काळजी करणारी आहे. कादंबरीची सारी ताकद या भागात आहे, आणि तो न वाचता दिलेलं मत अर्धवटच राहील.

सोयही आहे. पहिल्या भागातली स्वप्नं तिरप्या अक्षरांत छापली आहेत, नको असतील तर नजरेनेच ओलांडता येतात. (यंग-हेचा स्वतःचा आवाज मात्र फक्त तिथेच आहे, एवढी किंमत पडते.) दुसरा भाग नकोसा झाला तर थेट तिसऱ्यावर जावं. काय घडलं ते इन-हेच्या आठवणींतून पुरेसं कळतं.

‘अ लिटल लाइफ’ला ही सोय नाही. भूतकाळ परिच्छेदाच्या मध्येच, न सांगता सुरू होतो. सालं नाहीत, बाहेरच्या जगातल्या घटना नाहीत. त्यामुळे गाळायचं म्हटलं तर कुठून कुठपर्यंत, हेच कळत नाही. आणि महिनाभर बाजूला ठेवलं तर परतल्यावर सूत्र सापडत नाही. सुरुवात फसवी आहे. न्यू यॉर्कमधले चार मित्र, खोली, नोकऱ्या. शंभरेक पानं मैत्रीची गोड गोष्ट वाटते. मग त्यांतल्या ज्यूडचं बालपण थोडंथोडं उघडत जातं आणि दर वेळी उघडणारं दार आधीच्यापेक्षा वाईट खोलीत नेतं. मधल्या ‘आनंदाची वर्षं’ अशा अर्थाच्या शीर्षकावर भिस्त ठेवू नका.

कधीच बरा न होणारा माणूस रंगवायचा होता, असं लेखिकेने मुलाखतीत सांगितलं आहे. पाचशे पानं ‘आता तरी सुटेल’ म्हणून वाचणाऱ्याने हे आधीच जाणून घेतलेलं बरं. तीनशे पानांपर्यंत येऊन तुम्ही फक्त दिलाशाची वाट बघत असाल, तर थांबा. नवे प्रसंग येतील, पण नवं काही उमगणार नाही. हॅरोल्डची प्रकरणं मात्र वेगळी आहेत. ‘मी’ म्हणून बोलणारा हा वयस्क प्राध्यापक अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात शहाणा आवाज. पुस्तक सोडणार असाल तर तेवढी प्रकरणं शोधून वाचावीत, फक्त शेवटचं टाळून.

एका बाबतीत तुलना नको. स्वतःला इजा करण्याचे विचार सध्या येत असतील किंवा अलीकडे येऊन गेले असतील, तर ‘अ लिटल लाइफ’ आज सोडा. ती वर्णनं तपशीलवार आहेत आणि वारंवार येतात. बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भारतभर चालतो.

बाकीच्यांनी साधी परीक्षा घ्यावी. पुस्तक मिटल्यावर डोक्यात प्रश्न फिरत असेल (ही असं का करते, तो गप्प का) तर पुढे जा. फक्त चित्रं फिरत असतील आणि झोप मोडत असेल, तर आधी वाचायची वेळ रात्रीवरून दुपारी आणा, बैठक वीस पानांवर आणा. तीन दिवसांत फरक नाही पडला तर ठेवून द्या. ‘इतकी वाचली, आता संपवायलाच हवी’ हा हिशेब खोटा आहे. गेलेली तीनशे पानं उरलेली चारशे वाचून परत मिळत नाहीत.

‘द व्हेजिटेरियन’बद्दल अजूनही द्विधा असेल, तर तिसऱ्या भागाची पहिली दोन पानं उघडा. मुसळधार पाऊस, बसथांबा, आणि रुग्णालयाकडे जाणाऱ्या बसची वाट बघणारी इन-हे. ती बसमध्ये चढल्यावर तुम्हालाही चढावंसं वाटलं नाही, तर ग्रंथालयाला पुस्तक परत करायला हरकत नाही.