मनगटावरचा नाडीमापक : दिवाळी ते मे वापरून झाल्यावर

दिवाळीत घेतलेल्या या घड्याळाचा पट्टा मे महिन्यात बकलाजवळ तुटला आणि सेवा केंद्राने, पट्टा हमीत येत नाही असे सांगून, नव्या पट्ट्यासाठी घड्याळाच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा मागितला. म्हणून हे लिहीत आहे. पडदा, बॅटरी, सूचना यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मी केवळ नाडीच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण पैसे त्यासाठीच मोजले होते.

छत्रपती संभाजीनगरात गोगाबाबा टेकडीकडे पहाटे झपझप चालू लागलो की घड्याळ 118 दाखवते आणि तिथेच खिळून राहते. थांबता क्षणी मानेवर बोटे ठेवून 15 सेकंद ठोके मोजले आणि चारने गुणले, तर 96 आले. मग पावले मोजली. ती मिनिटाला बरोबर 118 भरली. घड्याळाचा हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो आणि ठोक्यागणिक कमीजास्त होऊन परततो. पण हाताच्या लयबद्ध हेलकाव्यानेही तसाच चढउतार होतो आणि घड्याळ पावलांनाच ठोके समजते. सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने मला खुर्चीवर बसवून तपासणी केली आणि दोष नाही असे लिहून दिले. बसलेल्या माणसाची नाडी हे घड्याळ अचूकच सांगते. तक्रार चालण्याची होती, हे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही.

एप्रिलमध्ये त्याच चढावर, त्याच वेगाने, अखेरचा आकडा डिसेंबरपेक्षा बराच वर जाऊ लागला, तेव्हा घामाने सेन्सर बिघडला असे मी धरून चाललो होतो. पुतण्याचा छातीवर बांधायचा पट्टा, जो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो, लावून पाहिला. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. हा आरोप मी मागे घेतो. उन्हाळ्यात घामावाटे रक्तातील पाणी घटते, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते आणि प्रत्येक ठोक्यात कमी रक्त फेकले जाते. तेवढाच पुरवठा राखण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकणारे निरोगी हृदय जोरदार व्यायामात 20 लिटरपर्यंत जाते, हे लक्षात घेतले तर मराठवाड्याच्या उन्हात त्यावर पडणारा जादा भार किती खरा आहे ते कळते.

220 वजा वय या, कमाल नाडीचा अंदाज देणाऱ्या सूत्रावर आखलेला पडद्यावरचा धोक्याचा लाल टप्पा मात्र मी बंद केला. हे सूत्र ढोबळ आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. माझी पत्नी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी घेते, त्यामुळे तिची नाडी धाप लागली तरी फारशी चढत नाही. अशांनी या रंगावर विसंबू नये.

घड्याळाचे खरे मोल चढ संपवून थांबल्यावर आहे. हात स्थिर झाला की आकडा विश्वासार्ह होतो आणि पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते ते दिसते. थांबताच व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग पुन्हा आवरू लागतो. ट्रेडमिल चाचणीच्या अभ्यासांत ही घट 12 किंवा त्याहून कमी असणे चिंतेचे मानले गेले आहे. हिवाळ्यात माझी घट 14 च्या आसपास असे, आता 25 च्या पुढे जाते. विश्रांतीतील नाडीही 78 वरून 70 वर आली आहे. एवढे पाहायला मिळाले, यासाठी मला घड्याळाचे पैसे जड वाटत नाहीत.

पट्टा शेवटी गुलमंडीतून कापडी घेतला, केंद्राच्या भावाच्या कितीतरी कमी पैशांत. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर तो घट्ट बसतो आणि 118 चा घोटाळा बराच कमी झाला आहे.