थीम पार्कमधील मद्य: कुटुंबासाठी कोणते उद्यान निवडावे?

नाशिककरांना हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. गंगापूर रस्त्याने धरणाकडे जाताना लागणाऱ्या वायनरींच्या हिरवळीवर रविवारी दुपारी कोणी वाइनचा पेला घेऊन बसलेले असते आणि दोन हातांवर कोणाचे तरी पाच वर्षांचे मूल चेंडू खेळत असते. सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये वाइन चाखण्याची टेस्टिंग रूम सुरू केल्यापासून हे दृश्य आपल्या अंगवळणी पडत गेले. असे असूनही आजी-आजोबा, मुले आणि कॉलेजात जाणारा एखादा भाचा यांना घेऊन परदेशातील मोठ्या थीम पार्कला जाण्याचा बेत ठरू लागला, की “तिथे म्हणे दारू मिळते” हे वाक्य कोणीतरी उच्चारते आणि चर्चा तिथेच अडून बसते.

या वाक्याला सरळ उत्तर देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण आज कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पॅरिस आणि टोकियो या चारही ठिकाणच्या डिस्ने उद्यानांत मद्य मिळते. निवड करायचीच असेल तर ती मद्य कुठे मिळते, कोणत्या दाराआड मिळते आणि पेला हातात घेऊन माणूस कुठवर जाऊ शकतो, या मुद्द्यांवर करावी लागते. त्या दृष्टीने पाहिले तर या उद्यानांत चांगलाच फरक आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हा सर्वसामान्य पाहुण्यांना तेथे मद्य मिळणार नाही, हे वॉल्ट डिस्ने यांचे ठाम धोरण होते; जत्रेतल्या धांगडधिंग्यापासून आपले उद्यान वेगळे दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. १९६७ मध्ये त्याच उद्यानात क्लब ३३ हा सभासदांपुरता क्लब सुरू झाला आणि तेथे मद्य दिले जाऊ लागले, पण बाहेरच्या गर्दीसाठी बंदी कायम राहिली. फ्लोरिडातील मॅजिक किंग्डम १९७१ मध्ये आणि टोकियो डिस्नेलँड १९८३ मध्ये याच रीतीने सुरू झाले. पॅरिसला मात्र हे धोरण पेलवले नाही. १९९२ मध्ये उघडलेल्या त्या उद्यानात वाइनविना जेवायचे ही कल्पना फ्रेंच माणसाला रुचली नाही आणि पुढच्याच वर्षी बंदी उठली. मॅजिक किंग्डममध्ये २०१२ साली एका रेस्टॉरंटात रात्रीच्या जेवणासोबत बिअर आणि वाइन मिळू लागली, तर टोकियो डिस्नेलँडमध्ये २०२० पासून टेबलावर सेवा देणाऱ्या काही रेस्टॉरंटांत मद्यविक्री सुरू झाली. म्हणजे बांध एकदम फुटला नाही. पाणी हळूहळू झिरपत आले.

जेवणाच्या टेबलापुरते मद्य

टोकियो डिस्नेलँड आणि मॅजिक किंग्डम यांची मूळ पद्धत अशी, की मद्य हवे असेल त्याने रेस्टॉरंटात बसावे, जेवण मागवावे आणि त्यासोबत पेला घ्यावा. मॅजिक किंग्डममध्ये काउंटरवरून ट्रे उचलून खाण्याची जी साधी ठिकाणे आहेत, तेथे मद्य मिळत नाही. ज्या घरातील आजी ‘जिथे दारू वाढतात तिथे मी पाण्याचा घोटही घेणार नाही’ असे निक्षून सांगते, त्या घरासाठी ही सर्वांत मोठी सोय आहे. काउंटरवर जेवायचे ठरवले की प्रश्न मिटतो, आणि शाकाहारी माणसाला तेथे काय खायचे हा वेगळा प्रश्न तेवढा उरतो. या पद्धतीत रस्त्यावर, रांगेत किंवा मिरवणूक पाहताना शेजारच्याच्या हातात बिअरचा ग्लास दिसण्याची शक्यता फार कमी असते.

सजवलेला कॉकटेल बार

खरा विचार करण्याजोगा प्रकार हा आहे. ३१ मे २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ओगाज कँटिना हा अंतराळातील गुत्त्याच्या धर्तीवर सजवलेला बार उघडला आणि त्या उद्यानात सर्वसामान्य पाहुण्याला प्रथमच मद्य विकत मिळू लागले. त्याच वर्षी फ्लोरिडातही त्याची जोडआवृत्ती उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये मॅजिक किंग्डममध्येही समुद्री चाच्यांच्या राइडशेजारी बीक अँड बॅरल हा बार सुरू झाल्यामुळे वर सांगितलेली ‘फक्त जेवणासोबत’ ही ओळख तेथेही आता पूर्वीइतकी निर्भेळ राहिलेली नाही.

या बारमध्ये मुलांना प्रवेश आहे, हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतात. आपल्याकडे ‘परमिट रूम’ या शब्दाभोवती काळ्या काचा, अंधार आणि पुरुषांची गर्दी एवढेच चित्र उभे राहते. तेथे मूल आई-वडिलांसोबत आत येते, निळ्या रंगाचे बिनमद्याचे पेय पिते आणि गाणी लावणाऱ्या यंत्रमानवाकडे टक लावून बसते. नियम मात्र कडक आहेत. ओगाज कँटिनात सहसा आधी आरक्षण करावे लागते, मुक्काम साधारण ४५ मिनिटांचा असतो, माणशी दोनच मद्यपेये मिळतात आणि कॅलिफोर्नियात तरी पेला घेऊन दाराबाहेर पडता येत नाही. म्हणून बारमध्ये न जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रकार उपद्रवी नाही. आत काय चालले आहे हे बाहेरच्याला कळतही नाही.

आत जाणाऱ्या कुटुंबाने मात्र तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अगदी व्यावहारिक आहे: तेथे बसायला जागा थोड्या असतात आणि बहुतेकांना उंच टेबलाशी उभे राहावे लागते. दिवसभर चाललेल्या सत्तरीच्या आजोबांना पाऊण तास तिष्ठत उभे करणे बरे नव्हे. दुसरी गोष्ट पैशाची. अशा बारमधील एका कॉकटेलला साधारण १५ ते २० डॉलर पडतात, त्यावर टिप वेगळी, आणि स्मृतिचिन्ह म्हणून मिळणारा खास पेला घ्यायचा मोह झाला तर रक्कम आणखी वाढते.

तिसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँड हॉटेलात २०११ पासून ट्रेडर सॅम्स हा बार आहे. तेथे विशिष्ट पेय मागवले की ज्वालामुखी धुमसू लागतो, दुसरे मागवले की बाटलीतले जहाज बुडते, आणि सगळा बार एकसुरात ओरडतो. रात्री आठनंतर तेथे २१ वर्षांखालील कोणालाही थांबता येत नाही. आठपर्यंत मुले हा सोहळा मिटक्या मारत पाहतात. सोहळा खरोखर गमतीचा आहे, यात वाद नाही. पण मुलाच्या दृष्टीने त्याची कळ मद्याच्या पेल्यात आहे: मोठ्यांनी पेय मागवले की जादू होते. जेवणासोबत बाबांनी घेतलेली बिअर मूल विसरून जाते. ज्वालामुखी मात्र ते घरी येऊन सोसायटीतल्या मित्रांना सांगते. बंदिस्त बार इतरांना त्रास देत नाही हे खरे असले, तरी तो मद्याला खेळण्याचे रूप देतो, आणि माझा आक्षेप मद्यापेक्षा या वेष्टनाला आहे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्याकडे उठलेल्या विरोधातही हाच सूर होता. वाइन तयार होण्याला नाशिकमध्ये फारसा विरोध दिसत नाही. ती बिस्किटांच्या फडताळाशेजारी येणे अनेकांना खटकले होते.

हातात पेला घेऊन हिंडता येणारी उद्याने

फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्याच उद्यानात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि जवळपास प्रत्येक दालनात त्या देशाचे मद्य मिळते. मेक्सिकोच्या दालनात टकिला, जर्मनीत बिअर, जपानमध्ये साके असा क्रम लावून सगळ्या दालनांत एकेक पेला रिचवण्याची तेथील तरुण मंडळींची एक प्रथाच पडली आहे. सकाळी हे उद्यान अतिशय सुंदर आणि निवांत असते. शनिवारी संध्याकाळी, विशेषतः तेथील खाद्य आणि वाइन महोत्सवाच्या दिवसांत, लहान मुलाला बाबागाडीत घालून त्या गर्दीतून नेणे कष्टाचे होऊ शकते. डिस्नेच्याच कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर आणि टोकियो डिस्नेसी या दोन्ही उद्यानांत २००१ साली उघडल्यापासून मद्य मिळते, त्यामुळे त्यांची गणनाही मोकळ्या गटातच करावी लागेल. टोकियोतील गर्दीची शिस्त वेगळीच आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करतो. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या उद्यानांतील ‘बटरबिअर’ या पेयात नाव असूनही मद्य नसते, तेव्हा मुलाने मागितल्यास खुशाल द्यावे.

वयाची अट प्रत्येक देशात वेगळी आहे आणि भाच्याला सोबत नेताना ती आधीच पाहून ठेवलेली बरी. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी २१, तर व्हिस्की, रम आणि तीव्र बिअरसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. अमेरिकेत सर्वच मद्यांना २१, जपानमध्ये २० आणि फ्रान्समध्ये १८ वर्षे पुरतात. म्हणजे नाशिकमध्ये ज्याला व्हिस्कीचा पेला कायद्याने मिळत नाही, तो २२ वर्षांचा मुलगा कॅलिफोर्नियात तुमच्यासमोर कॉकटेल मागवू शकतो. घरात यावर काय म्हणायचे ते विमानात बसण्यापूर्वी ठरवावे. बारच्या दारात ठरवू नये. वयाचा पुरावा म्हणून तेथे आधार कार्डाचा उपयोग होत नाही, मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा लागतो.

परतीच्या प्रवासाचाही विचार हवा. टोकियोचे उद्यान माइहामा स्थानकाला लागून आहे आणि पॅरिसच्या उद्यानाच्या दारात रेल्वे येते, त्यामुळे गाडी कोण चालवणार हा प्रश्न उद्भवत नाही. फ्लोरिडात भाड्याची मोटार घेतलेले कुटुंब असेल तर एका मोठ्या माणसाने दिवसभर कोरडे राहणे भागच आहे. घराजवळच्या वायनरीलाही हेच लागू होते: मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळला, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि टेस्टिंगचे चार-पाच घोटही रिकाम्या पोटी बेरजेत मोजले जातात.

आता निवडीकडे येऊ. मुले दहा वर्षांखालील असतील आणि सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, तर मी टोकियो डिस्नेलँडला पहिली पसंती देईन. मद्य तेथे शोधावे लागते, ते समोर येत नाही. अमेरिकाच ठरली असेल तर मॅजिक किंग्डम घ्यावे आणि एपकॉट सकाळी उरकून दुपारी चारपूर्वी बाहेर पडावे. घरात घेणारे दोघे आणि न घेणारे चौघे, अशी आपल्याकडची नेहमीची विभागणी असेल, तर सजवलेला बार सोयीचा वाटतो, पण तो कुटुंबाचे दोन तुकडे करतो. पाऊण तास इकडे, पाऊण तास तिकडे, आणि मधल्या वेळेत मुलांची मिरवणूक चुकते. त्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी एकत्र बसावे आणि ज्याला हवे त्याने वाइन घ्यावी, हे मला अधिक पटते. मुले पंधरा-सोळा वर्षांची असतील आणि बार पाहायचाच असेल, तर ओगाज कँटिनाचे सकाळचे आरक्षण घ्यावे, कारण तेव्हा आत गलका कमी असतो आणि सजावट नीट पाहता येते.

परदेश नको, एका दिवसाची सहलच हवी असेल, तर मद्य आणि राइड एकाच दिवशी एकत्र आणू नयेत, असे माझे मत आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका किंवा शिर्डीचे साई तीर्थ ही मुलांची ठिकाणे आहेत. तेथे मोठ्यांनी मुलांच्या तालावर चालावे. वायनरी हे मोठ्यांचे ठिकाण आहे. तेथे मुलांना नेल्यास पहिला अर्धा तास द्राक्षांच्या ओळी पाहण्यात बरा जातो, त्यानंतर त्यांना करण्यासारखे काही उरत नाही आणि मोबाइल बाहेर निघतात. जानेवारी ते मार्च या द्राक्षतोडणीच्या दिवसांत जाणार असाल तर मुलांना थोडे अधिक पाहायला मिळते, मात्र शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी गंगापूर रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.