मॉड्युलची पेटी: फणस, मरीन प्लाय की अ‍ॅल्युमिनियम?

देवगडात ‘पेटी करतोय’ म्हटलं की लोक आधी आंब्याची समजतात, मग भजनातली. मी करत होतो ती सिंथच्या मॉड्युलची, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सुटे भाग शेजारी-शेजारी बसवायची. या भागांच्या ठरलेल्या मापाला युरोरॅक म्हणतात. आणि पहिली खरोखरच आंब्याच्या पेटीत केली: चार मॉड्युल, दोन लाकडी पट्ट्या, लाकडाचे स्क्रू. मे महिना मजेत गेला. ऑगस्टात भोकं इतकी ढिली झाली की केबल ओढली तर मॉड्युलच हातात यायचं.

तयार केस मागवायची की घरी करायची, हा प्रश्न पैशांचा वाटतो. किनाऱ्यावर तो आधी हवेचा आहे. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा, यात काय टिकतं ते बघा आणि मग खिशाकडे वळा.

मापं कुठल्याही पेटीला तीच. जर्मनीच्या डोप्फर कंपनीने नव्वदच्या दशकात हा साचा आणला. पॅनेलची, म्हणजे मॉड्युलच्या दर्शनी पट्टीची, उंची 128.5 मिमी, वरच्या-खालच्या स्क्रूंमधलं अंतर 122.5 मिमी, आणि रुंदी एचपीत मोजायची. एक एचपी म्हणजे 5.08 मिमी. 84 एचपीच्या ओळीला 427 मिमी लागतात. लाकडात करणार असाल तर दीड-दोन मिलिमीटर जास्त सोडा, नाहीतर जुलैत शेवटचं मॉड्युल बसता बसत नाही.

फणसाचं लाकूड माझ्या आवडीचं, हे आधीच कबूल करतो. पिवळाधमक रंग, वाळवी सहसा लागत नाही, आणि गावातल्या सुताराला त्याचा हात बसलेला असतो. पण ते मुरलेलं हवं. जुन्या घराचा वासा किंवा दाराची फळी मिळाली तर सोडू नका. नव्याने कापलेलं आणलंत तर वर्षभरात पीळ पडणार आणि रेल, म्हणजे मॉड्युल ज्यांवर स्क्रूने बसतात त्या आडव्या पट्ट्या, वाकड्या होणार. पॉलिश आतूनही मारा. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरी अशी पेटी आतल्या बाजूने ओल पिते.

मरीन प्लाय दिसायला रूक्ष, पण वागायला सरळ. शिक्का आयएस 710 चाच बघून घ्या, 12 मिमी पुरतो. कडांना पट्टी किंवा वार्निश हवंच, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. साधा कमर्शियल प्लाय आणि एमडीएफ यांचा विचारही नको. एमडीएफचा तळ पहिल्याच पावसात पावासारखा फुगलेला मी पाहिला आहे.

अ‍ॅल्युमिनियमची पेटी हलकी, नेटकी, आजूबाजूच्या विजेमुळे आवाजात येणारी घरघरही बऱ्यापैकी अडवते. ते गंजत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं. गेल्या गणपतीच्या आधी मी एक स्टीलचा स्क्रू काढला, तर त्याच्या डोक्याभोवती पिठासारखी पांढरी पूड जमलेली. खाऱ्या दमटपणात दोन वेगळे धातू चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. नायलॉनचे वॉशर आणि आट्यांना बोटभर ग्रीस, एवढा उपाय पुरतो. पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी पत्र्याची तयार केस मात्र इथे नको. जिथे भोक पडलं तिथूनच तांबेरा सुरू होतो.

पेटी कशाचीही करा, रेल मात्र अ‍ॅल्युमिनियमच्याच घ्या. पैसे वाचवायची ती जागा नव्हे. आत सरकते नट टाकायचे की आटे पाडलेली पट्टी, हा आवडीचा भाग. नट असतील तर मॉड्युल हवं तिथे बसतं, पण एखादा नट घरंगळून नेमका कोपऱ्यात जातो. मॉड्युल वरचेवर बदलत नसाल तर पट्टी बरी.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: 230 व्होल्ट पेटीत आणूच नका. बाहेर अडॅप्टर आणि आत ±12 व्होल्टचा बोर्ड ठेवा. प्रत्येक मॉड्युल किती मिलिअँपिअर घेतं त्याची बेरीज करून वर पाव हिस्सा मोकळा राहील असा बोर्ड निवडा. बोर्डावरून मॉड्युलला वीज नेणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड उणे 12 कडे. ती उलटी लागली तर मॉड्युल जळूही शकतं, मग पेटी फणसाची असो की पत्र्याची.

समुद्र किंवा खाडी हाकेच्या अंतरावर असेल तर मरीन प्लाय घ्या. सड्यावर, जरा आत राहत असाल आणि मुरलेली फळी हाताशी असेल, तर फणस. पेटी घेऊन कार्यक्रमांना फिरणार असाल तर अ‍ॅल्युमिनियम. तयार केस फक्त घाई असलेल्याने घ्यावी.

आणि रिकाम्या जागेवर कोरं पॅनेल लावाच. मी 8 एचपीची फट उघडी ठेवली होती. आठवड्यात कुंभारिणीने आत मातीचं घर बांधलं, तेही नेमकं रिबन केबलच्या सॉकेटवर.