कुडाळचा शिष्यवृत्ती-नवोदय क्लास: पाचपैकी साडेतीन

हा क्लास आमच्या वेळी पाचवीच्या पोरांची दोन परीक्षांसाठी तयारी करून घेत होता: राज्याची शिष्यवृत्ती, आणि नवोदय या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. आधी निकाल सांगतो. गणित आणि बुद्धिमत्ता या दोन विषयांसाठी क्लास चांगला. मराठीसाठी यथातथा. पालकांना माहिती देण्याच्या बाबतीत साफ नापास. नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणारे सर सज्जन आहेत आणि कुडाळ काही मुंबई नव्हे, उद्या बाजारात समोरासमोर यायचे.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. मुलगा गोव्याला नोकरीला, सुनेला घरचं आणि अंगणवाडीचं, त्यामुळे नात पाचवीत असताना शनिवार-रविवार तिला चौक्याहून कुडाळला नेणं-आणणं माझ्याकडे होतं. ती बारा वर्षांखालची, मी पासष्टीच्या पुढचा, दोघांनाही हाफ तिकीट. प्रवास स्वस्तात झाला. क्लासची फी जून ते जानेवारी मिळून साडेसहा हजार, त्यात सराव प्रश्नपत्रिकांचे दोन संच.

चांगल्यापासून सुरुवात करतो. सर पहिला महिनाभर पुस्तकच उघडत नाहीत. पाढे, आणि त्यातही पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे. हल्लीच्या शाळेत पावकी म्हटली की पोरं तोंडाकडे बघतात. आम्ही गर्दीच्या गाडीत सुट्ट्या पैशांचा हिशेब त्याच जोरावर करत होतो, तेव्हा सरांचं हे मला एकदम पटलं. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात. सव्वा मिनिटही मिळत नाही एकेकाला. जो कागदावर गुणाकार मांडत बसला तो संपला.

नवोदयला निम्मे गुण बुद्धिमत्तेला, आणि ते ४० प्रश्न निव्वळ आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. हे सगळं सर हाताने करून घेतात. वर्तमानपत्राचे चौकोन आणि एक पंचिंग मशीन, प्रत्येक पोराने घडी घालायची, भोक पाडायचं, उलगडायच्या आधी उत्तर सांगायचं. आमची नात घरी येऊन जुन्या कॅलेंडरांची पानं घेऊन बसायची. या एका गोष्टीसाठी फीचे निम्मे पैसे वसूल झाले असं मी धरतो.

आता तक्रारी. उत्तरपत्रिकेचे गोळे रंगवायचा सराव दिवाळीपर्यंत पेन्सिलीने चालला होता. खऱ्या परीक्षेत बॉलपेन, आणि एकदा रंगवलेला गोळा बदलता येत नाही. पेन्सिल दिली की पोर आधी रंगवतं आणि मग विचार करतं. मी सरांना म्हटलं, आमच्याकडे फाटलेलं तिकीट परत जोडता येत नसे. हसले, पण पुढच्या रविवारपासून पेन आलं. मराठीच्या उताऱ्यांचं मात्र काही जमलं नाही. नवोदयला भाषेचे २० प्रश्न उताऱ्यांवरच असतात. क्लासमध्ये उतारा सर स्वतः मोठ्याने वाचून दाखवत आणि पोरं नुसती उत्तरं सांगत. परीक्षेत कोण वाचून दाखवणार? ते आम्ही घरी केलं, रोज पेपरातली एक बातमी वाचून.

मोठी तक्रार अशी की दोन परीक्षा एकाच बॅचमध्ये कोंबल्या होत्या. एकाच गाडीला मालवण आणि सावंतवाडी असे दोन्ही बोर्ड लावल्यासारखं. शिष्यवृत्ती राज्याची, पुण्याच्या परीक्षा परिषदेची, दोन पेपर मिळून ३०० गुण, त्यात इंग्रजीसुद्धा. लागली तर मूल आहे त्याच शाळेत राहतं आणि वर्षाला ५००० रुपये मिळतात. नवोदय देशभराची, ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, इंग्रजीचा वेगळा विभाग नाही. त्यात लागली तर मूल घर सोडून सहावीला सांगेलीच्या वसतिगृहात जातं. शिष्यवृत्तीत हरलात तर पैसे हुकतात. नवोदयला जिंकलात तर पोर लांब जातं. या दोन्हींची तयारी एका दमात घेणं सरांना सोयीचं असेल, पण आईबापांनी कशाला हो म्हणायचं हे कोण सांगणार?

ते क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही, जिन्याखालच्या बाकावर कळलं. पालक तिथेच बसतात. तिथे जे बोलणं चालायचं ते वरच्या फळ्यापेक्षा महत्त्वाचं होतं. नवोदयला जिल्ह्यात जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना. नेरूरपारच्या एका बाईंनी मुलाला चौथीत गावच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून शहरात घातलं होतं, अभ्यास बरा होईल म्हणून. आणि नियम असा की तिसरी ते पाचवीत मूल एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत शिकलं तरी ते शहरी उमेदवार. त्यांना हे कळलं नोव्हेंबरात, तेही माझ्याकडच्या माहितीपत्रकातून. फी जूनमध्ये घेतली तेव्हा शाळा कुठली एवढं विचारायला काय हरकत होती? नवोदयला एकदाच बसता येतं, दुसरी गाडी नाही.

नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हेही त्याच माहितीपत्रकात आहे. ते वाचून दाखवल्यावर बाकावर बराच वेळ कोणी बोललं नाही. आमच्या घरी तर त्यावरून जुंपली. सुनेचं म्हणणं, राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश फुकट, बारावीपर्यंतची चिंता मिटते. आमची मंडळी म्हणाली, "दहा वर्साचा चेडू, थंय रातीचा रडाक लागला तर कोण बघतला?" दोघींचंही खरं. मी माझ्या बापाचा दाखला दिला. ते व्हर्नाक्युलर फायनल (जुन्या काळची सातवीची परीक्षा) होऊन मास्तर झाले, त्यासाठी लहानपणी दुसऱ्याच्या घरी राहिले होते. मंडळी म्हणाली, म्हणूनच ते जन्मभर कोणाशी हसले नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी नातीला विचारलं. तिने विचारलं, तिथे पोहे देतात का.

निकाल: नवोदयच्या यादीत नाव नाही. शिष्यवृत्तीत दोन्ही पेपरांत ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे पात्र, पण गुणवत्ता यादीत नाही. सहावीला गावच्याच हायस्कुलात आहे, गणितात वर्गात पुढे. पावकीची कृपा.

नव्या पालकांसाठी एक गोष्ट. शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून चौथीऐवजी पाचवीत घेत होते. ती सरकारने आता परत चौथीत आणली आहे. नवोदय पाचवीतच. म्हणजे दोन्ही परीक्षा एका वर्षात येणार नाहीत, तेव्हा कुठलाही क्लास 'एकत्र बॅच' म्हणाला तर कोणत्या इयत्तेला कोणती परीक्षा ते आधी लिहून घ्या. आणि नवोदयचं माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवर सोपवू नका.

दुसरा माळा आहे, लिफ्ट नाही, संडास एकच आणि तोही खालच्या दुकानाचा, किल्ली मागावी लागते. फी दोन हप्त्यांत, दुसरा दिवाळीनंतर. तोपर्यंत मूल कंटाळलेलं दिसलं तर सरांशी बोला, ते अडवत नाहीत. आमच्या बॅचमधल्या दोघांनी मध्येच सोडलं, त्यांच्याकडे दुसरा हप्ता मागितला नाही. साडेतीनमधला शेवटचा अर्धा गुण त्याचा.