मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील वारसा फेरी : देणग्यांच्या अंगाने एक अभिप्राय

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील जुन्या वास्तू माहीतगारासोबत दाखवणाऱ्या फेऱ्या अधूनमधून निघतात. त्यांपैकी एक नुकतीच केली. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला शहरातल्या धनिकांनी जो पैसा दिला त्याचे पुढे काय झाले, हे तिच्यातून कितपत उमगते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

वास्तूंच्या बाबतीत फेरी चोख आहे. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले आणि १८७४ मध्ये ते बांधून पूर्ण झाले. नक्षीदार लोखंडी आधारांवर पेललेला लाकडी सज्जा आणि बारा राशींची चित्रे असलेली रंगीत काचेची भव्य गोल खिडकी आम्हांला घाई न करता पाहू दिली, हे आवर्जून सांगायला हवे. आपापली रास शोधण्यात सगळेच, अगदी ज्योतिषाला नावे ठेवणारेही, रमले होते.

राजाबाई टॉवरपाशी निवेदन अधिक रंगते आणि तिथली कथा आहेच तशी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळात कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊ केले. पुढल्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि स्वतः प्रेमचंदही त्यात बुडाले. तरीही त्यांच्या देणगीतून १८६९ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा उभा राहिला. आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या ज्या २४ मूर्ती आहेत, त्या मात्र इथल्याच रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांच्या हातच्या. देणगीतून कलेला काय मिळाले याचे इतके ठसठशीत उदाहरण समोर असताना त्यांच्या नावाचा उल्लेख जाता जाता झाला, आणि मूर्ती खालून नीट दिसत नसल्याने एखादे मोठे छायाचित्र हाती द्यावे, असेही कुणाला सुचलेले दिसले नाही.

फेरी खरी उणी पडते ती शिष्यवृत्त्या आणि व्याख्याननिधी यांच्या बाबतीत. संस्कृतात अव्वल येणाऱ्या विद्यार्थ्यासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मराठी घरांत एके काळी दंतकथेसारखी सांगितली जाई. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी व विद्वान डॉ. जॉन विल्सन यांच्या सन्मानार्थ सुरू झालेल्या भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी व्याख्याने दिली, त्यांच्यावाचून मराठीच्या इतिहासाचा अभ्यास आजही पुढे सरकत नाही. इमारतीच्या मानाने अशा निधीला लागणारी रक्कम किरकोळ, पण माझ्या मते विद्यापीठाला मिळालेल्या देणग्यांपैकी सर्वाधिक फळ याच प्रकारच्या देणग्यांनी दिले. आमच्या फेरीत या दोहोंपैकी एकाचेही नाव निघाले नाही. मी विचारल्यावर मार्गदर्शकांनी प्रांजळपणे सांगितले की, लोकांना इमारतच पाहायची असते. ते खरे असेलही. पण ग्रंथालयाच्या वाचनकक्षात उभे राहून भांडारकरांविषयी दोन मिनिटे बोलायला कुणाची हरकत असणार?

अलीकडच्या देणगीविषयीची माहिती मात्र मोलाची वाटली. ग्रंथालय आणि मनोऱ्याची डागडुजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाह्याने होऊन २०१५ मध्ये पुरी झाली. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसा मिळवणे हे नवी इमारत बांधण्याहून अवघड, कारण तिथे दात्याच्या नावाची पाटी सहसा दाराशी लागत नाही, आणि हा मुद्दा मार्गदर्शकांनी न विचारता मांडला.

निवेदन इंग्रजीत होते. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मराठीत उत्तरे मिळाली. पाचपैकी साडेतीन गुण. वास्तुकलेची आवड असणाऱ्यांनी अवश्य जावे, मात्र परीक्षा आणि समारंभांच्या काळात सभागृह बंद असू शकते, तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी दोन्ही वास्तू आतून दाखवणार का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.