दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जाताना कोणते पायताण न्यावे?

दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरात पाऊस उघडलेला असतो, रंकाळ्यावर फिरून आल्यावर चपलांना चिखल नव्हे तर धूळ लागते आणि त्यामुळे परदेशप्रवासाची बॅग भरताना पावसाचा विचार सहज मागे पडतो. व्हिएतनामच्या मध्य भागात, म्हणजे ह्वे, डानांग आणि होई आन या पट्ट्यात, मात्र ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हेच ऐन पावसाचे महिने असून होई आनच्या जुन्या वस्तीत थू बोन नदीचे पाणी याच दिवसांत अनेकदा रस्त्यावर येते. मे महिन्याच्या सुट्टीत हो ची मिन्ह सिटी किंवा बँकॉकला जाणाऱ्यांनाही तिथला पावसाळा सुरू होत असलेलाच आढळतो. आपल्याकडचा पावसाचा अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो, कारण गगनबावड्याचा पाऊस अंगात गारठा भरवतो, तर तिथे सर थांबताच ऊन पडते आणि दमट हवेत घाम वाहू लागतो. अशा ठिकाणी पाय भिजणार हे गृहीत धरलेले बरे. म्हणून या तुलनेत मी एकाच कसोटीला सर्वाधिक महत्त्व दिले आहे: संध्याकाळी भिजलेले पादत्राण सकाळी घालण्याइतके कोरडे होते की नाही?

सुरुवात आपल्या कोल्हापुरी चपलेपासून करणे भाग आहे, कारण ती बरोबर नेण्याचा मोह येथील प्रत्येकाला होतो आणि तो योग्यही आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी कातडी वादीने घातलेली शिवण आणि पायाच्या आकाराप्रमाणे बसत जाणारा तळ यांमुळे कोरड्या उन्हाळ्यात तिच्या तोडीचे पादत्राण क्वचितच सापडेल. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या कारागिरांच्या पिढ्यानपिढ्यांच्या कौशल्यामुळेच. परंतु ज्या गुणांमुळे हे कातडे श्वास घेते, त्याच गुणांमुळे ते पाणीही पिते. भिजल्यावर तळ फुगतो, शिवण सैल पडते, सालीचा तपकिरी रंग पायाला लागतो आणि घाईने उन्हात वाळवल्यास कातडे कडक होऊन तडकते. ओल्या फरशीवर कातडी तळ घसरतो, हा धोका वेगळाच. खाली टायरचा किंवा रबरी तळ लावून घेतला तर घसरणे कमी होते, पण वरचे पट्टे, कान आणि वेणी भिजायची ती भिजतातच. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: या प्रवासात कोल्हापुरी न्यायची असेल तर ती कोणाला भेट म्हणून न्यावी, कागदात गुंडाळावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये, कारण कोंडलेल्या दमटपणात कातड्याला बुरशी येते.

दुकानात दुसऱ्या टोकाचा सल्ला मिळतो, तो म्हणजे ट्रेकिंगचे जलरोधक बूट. या बुटांच्या अस्तरात एक पातळ पडदा असतो, जो बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ मात्र बाहेर जाऊ देतो. ही वाफ बाहेर पडण्यासाठी बुटाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी उष्ण आणि दमट असावी लागते. थंड प्रदेशात तो फरक मोठा असतो, म्हणून हे बूट तिथे चांगले काम करतात. उष्ण, दमट हवेत तो फरक फारच थोडा उरतो, वाफ आतच राहते आणि पाऊस न लागताही मोजे ओले होतात. त्यातच गुडघाभर पाण्यातून चालावे लागले की घोट्यावरून पाणी आत शिरते, आणि जो पडदा पाण्याला आत येऊ देत नव्हता तोच त्याला बाहेरही जाऊ देत नाही. असा बूट वाळायला दोन दिवसही लागू शकतात. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या सापा परिसरात थंडीच्या दिवसांत डोंगर चढायचे असतील तर तो जरूर न्यावा. एरवी इतक्या किमतीचा आणि वजनाचा बूट नेण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी निवड उरते ती पट्ट्यांचे सँडल, ज्यांना आपण फ्लोटर्स म्हणतो, आणि जाळीचे हलके बूट यांच्यात. रबरी तळाचे आणि कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांचे सँडल भिजले तरी थोड्याच वेळात कोरडे होतात, पाणी त्यांत साचून राहत नाही आणि घरात किंवा देवळात शिरताना ते चटकन काढता येतात. बँकॉकच्या वाट फ्रा केओ मंदिरात पाचूच्या बुद्धाच्या दर्शनाला पादत्राणे बाहेरच काढावी लागतात, तिथे नाडीचा बूट नकोसा होतो. मात्र टाचेमागे पट्टा असलेलाच सँडल घ्यावा, कारण डानांगजवळच्या संगमरवरी डोंगरांच्या ओल्या दगडी पायऱ्या उतरताना पाय पुढे सरकतो आणि मोकळी टाच सावरता येत नाही. सँडलची उणीव अशी की पाय उघडा राहतो: ऊन आणि डास दोन्ही लागतात, आणि रस्त्यावर साचलेल्या घाण पाण्यात पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग होऊ शकतो.

जाळीचा बूट तिथे उजवा ठरतो. तो बोटांचे रक्षण करतो, दिवसभराच्या चालण्यात पावलाला आधार देतो आणि थायलंडच्या खाओ याईसारख्या जंगलात, जिथे पावसाळ्यात जळवा असतात, त्याच्या आत जळूमोजे घालता येतात. भिजल्यावर आतली गादी काढून बुटात वर्तमानपत्र कोंबावे आणि बूट न्हाणीघरात न ठेवता एसी चालू असलेल्या खोलीत ठेवावा, कारण एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवते आणि मऊ पडलेल्या त्वचेवर घर्षणाने फोड येतात.

हवाई चप्पल खोलीपुरती आणि समुद्रकिनाऱ्यापुरती ठीक. फोमचे क्लॉग, म्हणजे पुढून बंद असलेले छिद्रांचे जोडे, पाणी शोषत नाहीत, पण त्यांचे गुळगुळीत झालेले तळ ओल्या टाइल्सवर घसरतात. गमबूट शेतातच शोभतात.

थोडक्यात, बॅगेत जागा असेल तर सँडल आणि जाळीचा बूट अशी दोन पायताणे न्यावीत, बूट विमानात पायातच घालावा म्हणजे हातसामानाच्या सात किलोंच्या मर्यादेत त्याची भर पडत नाही. एकच न्यायचे असेल तर तरुण, निरोगी माणसाने सँडल निवडावा. घरातल्या ज्येष्ठांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर मात्र माझे उत्तर बदलते: पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, लहान जखम कळत नाही आणि ती लवकर भरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी जाळीचा बंद बूट, मोज्यांचे भरपूर जोड आणि रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहण्याची सवय हाच योग्य पर्याय आहे.

आणखी एक गोष्ट निघण्याच्या पंधरा दिवस आधी पाहावी. पॉलियुरेथेन या कृत्रिम फोमचा तळ असलेले बूट कपाटात वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतात आणि चार पावले चालताच तुकडे होऊन गळतात. जुने बूट नेणार असाल तर अंगठ्याने तळ जोरात दाबून पाहा आणि ते घालून पन्हाळ्याला एक फेरी मारा. तळ नुसता कडेने सुटत असेल तर गठई कामगाराकडून चौफेर शिलाई मारून घेता येते. तो भुगा होऊ लागला असेल तर शिलाईचा उपयोग नाही, नवा जोडच घ्यावा, आणि तो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून मापावा.